भरतीची बॅच: जड स्क्वॉट, दोनशे बैठका आणि येऊरचा उतार. कशाने नुसता थकवा, कशाने इजा?

कळवा_ग्राउंड:

पोलीस भरतीची बॅच घेतो. वयं १८ ते २५, निम्म्या मुली. मैदानीचे ५० गुण: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. लांब धावण्याचेच २० गुण, त्यामुळे मांड्या भरल्या की सगळं गणित बिघडतं.

सध्याचा आठवडा असा. सोमवारी जिममध्ये बारबेल स्क्वॉट, ५ रेपचे (सलग पाच वेळा खाली-वर) ५ सेट, जड. बुधवारी मैदानावर बैठका, थांबत थांबत पण एकूण २००. शुक्रवारी उड्या, म्हणजे बॉक्स जंप आणि बेडूकउड्या. रविवारी ठाण्यात उपवनकडून येऊरचा डोंगर चढायचा आणि धावत खाली यायचं. मधल्या दिवशी धावणं.

गोंधळ असा की प्रत्येकाचा त्रास वेगळ्या वेळी दिसतो. जड स्क्वॉटनंतर मुलं जागेवर गळतात, दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी ठीक असतात. बैठकांना मांड्या त्याच वेळी पेटतात आणि वर नवीन पोरं शुक्रवारी कठडा धरून जिना उतरतात. येऊरच्या दिवशी तर कोणी दमलो म्हणतही नाही, गप्पा मारत उतरतात, आणि मंगळवारी ४०० मीटरची फेरी सात-आठ सेकंदांनी मागे जाते. असं का? कशानंतर किती तास द्यायचे? नवीन मुलाला बॅचमध्ये घेताना सुरुवात कुठून करायची? “लॅक्टिक ॲसिड साचलंय, पळून काढ” हे उत्तर कृपया नको.

वाशी_फिजिओ:

लॅक्टिक ॲसिडचं आधी मिटवून टाकू. व्यायाम थांबला की साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट मूळ पातळीवर येतं. रविवारी दुपारीच जे संपलं ते मंगळवारी मांडी दुखवणार कसं? शिवाय उतारावर ते फारसं तयारही होत नाही, आणि दुखणं मात्र तुमच्याकडे त्याच दिवसाचं सर्वांत मोठं आहे. थिओडोर हफ नावाच्या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच मांडलं होतं की हे उशिरा येणारं दुखणं साध्या थकव्याहून वेगळं आहे, आत कुठेतरी तंतू फाटत असावेत. तरी लॅक्टिक ॲसिड सव्वाशे वर्षं मैदानं सोडायला तयार नाही.

तुमच्या मुलांच्या पायांत दोन वेगळ्या गोष्टी चालू आहेत आणि दोन्हींची वसुली वेगळ्या वेळी होते.

पहिली, थकवा. तंतू शाबूत असतो, पण काही वेळ पूर्ण जोर देऊ शकत नाही. क्रिएटिन फॉस्फेट, म्हणजे स्नायूचं झटपट इंधन, वापरलं जातं, सुटं फॉस्फेट साचतं, त्यामुळे पेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम कमी सुटतं आणि पकड सैल पडते. मेंदूकडून येणारा हुकूमही मंदावतो. यातला मोठा भाग काही मिनिटांत भरून येतो, बाकीचा काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत.

दुसरी, इजा. इथे तंतूच्या आतली रचनाच विस्कटते. ताण आलेला असताना तंतू लांब होत गेला की त्यातले कमजोर सार्कोमिअर, म्हणजे आकसणारे छोटे तुकडे, बाकीच्यांपेक्षा जास्त ओढले जातात, त्यांच्या सीमा, म्हणजे झेड-रेषा, वेड्यावाकड्या होतात, पेशीच्या पडद्यातून कॅल्शियम आत झिरपतं, मग सूज येते आणि मोडकं साहित्य काढून टाकायचं काम सुरू होतं. याला दिवस लागतात. दुखणं २४ ते ७२ तासांत टोकाला जातं. बुधवारच्या बैठका शुक्रवारी आणि रविवारचा उतार मंगळवारी बोलतो, कारण दोन्हींमध्ये बरोबर ४८ तासांचं अंतर आहे.

आता इजा कशाने होते. मुख्य म्हणजे वजन उचलताना नव्हे, सोडताना. जिममध्ये ज्याला निगेटिव्ह म्हणतात तो भाग. तेच वजन खाली नेताना मेंदू कमी तंतू कामाला लावतो, त्यामुळे दर तंतूवर ओढ जास्त येते. वर उचलण्यापेक्षा खाली सोडताना स्नायू २० ते ५० टक्के जास्त वजन पेलू शकतो आणि ऑक्सिजनही कमी वापरतो. म्हणून तुमची मुलं गप्पा मारत येऊर उतरतात. दम हा इजेचा मापक नाहीच.

आकड्यात बघा. ५ रेपचे ५ सेट म्हणजे जड वजन खाली नेणं फक्त २५ वेळा. दोनशे बैठका म्हणजे २०० वेळा, त्यातल्या शेवटच्या कित्येक पाय थरथरत असताना. उतारावर धावताना किलोमीटरला साधारण हजार पावलं पडतात, आणि प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू शरीर अडवत लांब होतो. दोन किलोमीटरच्या उतारात एकेका पायाला हजार निगेटिव्ह झाले. वजन शरीराइतकंच, पण संख्या कुठल्या कुठे. “जड ते धोक्याचं, हलकं ते सुरक्षित” ही समजूत इथे उलटी पडते.

आणखी तीन गोष्टी इजा वाढवतात. स्नायू पूर्ण लांबलेल्या अवस्थेत ताण येणं, उदाहरणार्थ खोल लंज (एक पाय पुढे टाकून खाली जाणं) किंवा सरळ पायांचं डेडलिफ्ट. वेग, म्हणजे उंचीवरून उडी मारून जमिनीवर धडकणं. आणि सर्वांत मोठी, सवय नसणं. हाताला पायांपेक्षा जास्त इजा होते ती याचमुळे. पाय रोज जिने उतरतात, दंडाच्या पुढच्या स्नायूला तसा सराव कोणी देत नाही. ज्याने कधी केलं नाही त्याला कमाल जोराचे निगेटिव्ह पाच-सहा सेट करायला लावले तर दंडाची ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते आणि पूर्ण परतायला आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो.

उलट बाजूला: चढावर चालणं-धावणं, सायकल, भिंतीला टेकून धरलेली बैठक, प्लँक. यांत भरपूर थकवता येतं आणि इजा फार कमी होते. होल्डचा एक अपवाद आहे. स्नायू पूर्ण ताणलेल्या कोनात, पूर्ण जोर लावून बराच वेळ धरलं तर त्यानेही इजा होते, पण भिंतीच्या बैठकीत तो कोन येत नाही.

मंगळवारच्या त्या सात-आठ सेकंदांबद्दल. इजा झालेल्या स्नायूत ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, हळू भरतं. त्याच वेगाला जास्त ऑक्सिजन लागतो. आणि मेंदूकडून मंद गतीने येणाऱ्या संदेशांना, म्हणजे धावताना लागतात तशा, स्नायूचा प्रतिसाद पूर्ण जोरापेक्षा जास्त घटतो. त्यामुळे मुलगा एकदा जोर लावून उडी ठीक मारेल, पण १६०० ला तिसऱ्या फेरीत पाय जड होतील.

घोडबंदर_बारबेल:

वरचं सगळं मान्य. फक्त हे वाचून कोणी निगेटिव्हच बंद करू नका. १०० मीटरला पाय पुढे फेकला की शेवटच्या क्षणी मागची मांडी तो पाय अडवते, तो निगेटिव्हच आहे, आणि हॅमस्ट्रिंग तिथेच फाटतं. ज्याने सराव केला नाही तो चाचणीच्या दिवशी लंगडत बाहेर येणार. नॉर्डिक (गुडघ्यांवर उभं राहून अंग सावकाश पुढे झुकवण्याचा व्यायाम) नेमाने केले तर हॅमस्ट्रिंगच्या दुखापती निम्म्यावर येतात. फक्त मात्रा बघा: पहिल्या आठवड्यात २ सेट, प्रत्येकी ३ रेप, साथीदाराने घोटे धरायचे, जमेल तिथपर्यंत सावकाश खाली, मग हात टेकून वर. सहा ते आठ आठवड्यांत ३ सेट ८ रेपपर्यंत. स्प्रिंटच्या आधीच्या दोन दिवसांत अजिबात नाही.

आता तुमच्या आठवड्याची चूक. रविवारी उतार, सोमवारी जड स्क्वॉट, मंगळवारी फेऱ्या, म्हणजे इजेच्या टोकावर तुम्ही वेग मोजताय. बुधवारच्या बैठका पिकतात शुक्रवारी, आणि त्याच दिवशी उड्या. एकही कष्टाचा दिवस ताज्या पायांवर होत नाही. कष्ट एकत्र करा, मोकळे दिवस खरोखर मोकळे ठेवा. मी असा लावेन:

सोमवार सकाळी ४०० मीटरच्या ४-५ फेऱ्या, मध्ये ३ मिनिटं. त्याच दिवशी संध्याकाळी, किमान ६ तासांनी, स्क्वॉट ३ सेट ५ रेप आणि नॉर्डिक. मंगळवारी २० मिनिटं हलकं धावणं, गोळ्याचं तंत्र, वरच्या अंगाचा व्यायाम. बुधवारी चढ किंवा जिने, फक्त वर. गुरुवारी ६० मीटरचे ६ स्प्रिंट, पूर्ण विश्रांती घेऊन, आणि त्यालाच जोडून उड्या. शुक्रवारी हलकं. शनिवारी येऊर चढत, उतरताना चालत. रविवारी काही नाही. आधी धावणं, मग वजन, हा क्रम बदलू नका. उलट केलंत तर थकलेल्या पायाने चुकीचं धावणं शिकवाल.

स्क्वॉटमध्ये फेल्युअरपर्यंत, म्हणजे पुढची रेप निघतच नाही तिथपर्यंत, जाऊ देऊ नका. अजून दोन रेप निघाल्या असत्या तिथे बार ठेवायचा. रेपांची एकूण संख्या तीच ठेवूनही फेल्युअरपर्यंत गेलं तर सावरायला एक-दोन दिवस जास्त लागतात आणि ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. ओळखायचं कसं? मोबाइलवर बाजूने व्हिडिओ घ्या. पहिल्या रेपला वर यायला एक सेकंद लागला आणि एखाद्या रेपला दीड-पावणेदोन लागले तर सेट संपला. छाती पुढे पडली, टाच उचलली, गुडघे आत आले, तरीही संपला.

हलक्या वजनाचं उलटं आहे. कमाल वजनाच्या ३० टक्क्यांवर स्नायू वाढवायचा तर फेल्युअरजवळ जावंच लागतं. वाढ जडइतकीच होते, पण जळजळ, धाप आणि उरलेला थकवा जास्त. ज्यांना दुसऱ्या दिवशी धावायचंय त्यांच्यासाठी हा सौदा वाईट आहे.

उड्यांचं गणित वजनाने नाही, जमिनीला पाय किती वेळा लागले त्याने करायचं. सुरुवातीला एका दिवसात ४० ते ६०, त्याहून नाही. बॉक्स ३० ते ४० सेंटिमीटर. बॉक्सवर उडी मारायची आणि पायरीसारखं एक-एक पाय टाकून उतरायचं. जोर पूर्ण मिळतो, धडक टळते. उंचावरून खाली उडी मारायचा प्रकार पहिले सहा आठवडे विसरा. पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट टाळा, मातीवर करा. बेडूकउड्या मला तरी आवडत नाहीत: गुडघा पूर्ण दुमडलेला, स्नायू पूर्ण लांब, वर धडक. इजेची दोन कारणं एकाच व्यायामात.

ब्रह्मांड_टॉवर:

येऊरला पर्याय हवा असेल तर बावीस मजल्यांची इमारत पुरते. जिन्याने वर, लिफ्टने खाली. लोक लिफ्टला फसवणूक समजतात, पण इथे निगेटिव्ह टाळायचं सर्वांत स्वस्त यंत्र तेच आहे. सोसायटीची परवानगी मात्र आधी घ्या. येऊरला अंधारात बॅच नेऊ नका हे वेगळं सांगायला नको, वर राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे आणि बिबट्या आहे.

कळवा_ग्राउंड:

सोमवार-गुरुवारची मांडणी पटली. अजून चार प्रश्न. एक, आमच्याकडे मशीन नाही, कोण सावरलंय कोण नाही हे मोजू कसं? दोन, बैठका अगदी काढून टाकू का? आखाड्यातले वस्ताद म्हणतात, आमचे पठ्ठे हजार मारतात, त्यांना काही होत नाही. तीन, मुलींचं वेळापत्रक वेगळं हवं का? चार, मुलं न विचारता पेनकिलर घेतात, त्याचं काय?

वाशी_फिजिओ:

मोजायला खडू आणि टेप पुरे. जागेवरून लांब उडी. तीच वेळ, तेच बूट, पाच मिनिटं वॉर्मअप, तीन प्रयत्न, सर्वांत लांब ती धरायची. प्रत्येकाचा ताज्या दिवसाचा आकडा वहीत ठेवा. २ मीटर मारणारा १.९० ला आला म्हणजे ५ टक्के गेले, त्या दिवशी उड्या आणि जड स्क्वॉट निम्मे. १.८० ला आला तर फक्त हलकं धावणं. या रेषा व्यवहाराच्या आहेत, एखाद-दोन सेंटिमीटरवरून वाद घालू नका.

एक खोच लक्षात ठेवा. उड्या आणि उतारानंतर ताकद दोनदा घसरते. संपल्या संपल्या एकदा, मग काही तासांत बरीचशी परत येते, आणि दुसऱ्या दिवशी किंवा त्याच्याही पुढच्या दिवशी सूज आली की पुन्हा घसरते. संध्याकाळी उडी मोजून “झालं ठीक” म्हणाल तर फसाल. ४८ तासांनंतरचाही आकडा घ्या.

“किती दुखतंय” हाही विचारा, पण त्यावर निर्णय घेऊ नका. दुखणं आणि इजा हातात हात घालून चालत नाहीत. दुखणं ओसरलं तरी ताकद कमी असू शकते आणि उलटही होतं. अंग आंबलं नाही म्हणजे व्यायाम लागला नाही, ही मुलांची समजूत तर मोडूनच काढा, नाहीतर ती मुद्दाम दुखणं शोधत जातील.

वस्ताद खोटं बोलत नाहीत. एकदा झालेल्या इजेनंतर स्नायू त्याच कामाला तोंड द्यायला शिकतो. दुसऱ्यांदा तेच केलं की दुखणं, सूज, ताकदीची घट, सगळं बरंच कमी. हे संरक्षण काही आठवडे टिकतं, काही बाबतींत महिनोन्महिने. पठ्ठा लहानपणापासून बैठका मारतोय. तुमच्याकडे कालच आलेल्या मुलाने त्याची नक्कल केली तर त्याच दोनशे बैठका त्याला आठवडाभर बसवतील. गंमत म्हणजे संरक्षण मिळायला आधी मोठी इजा व्हावी लागत नाही. मोजके निगेटिव्ह, हलक्या वजनाचे, अगदी लांब कोनातला होल्डसुद्धा पुढच्या जड दिवसासाठी काही अंशी तयारी करून ठेवतो. नवीन मुलाचं उत्तर यातच आहे.

म्हणून बैठका ठेवा, मात्रा बदला. नवीन मुलाला पहिल्या दिवशी १० चे ३ सेट, मांडी जमिनीला समांतर होईपर्यंतच. तीन-चार दिवसांनी तेच पुन्हा. पुढच्या आठवड्यात १५ चे ३, मग दर आठवड्याला एकूण संख्या पंधरा-वीस टक्क्यांनी वर. पूर्ण खाली जाणारी, टाच उचललेली, झपाट्याची बैठक महिनाभरानंतर. येऊरचा उतारही असाच: पहिल्यांदा २०० मीटर धावत, बाकी चालत, दर आठवड्याला २०० ची भर. उताराला पायाची सवय हवी, पण ती भरतीच्या आधी महिना-दीड महिना लागलेली असावी. शेवटच्या दोन आठवड्यांत उतार बंद.

मुलींबाबत: सारख्या टक्केवारीच्या हलक्या-मध्यम वजनावर त्या बहुधा मुलांपेक्षा जास्त रेप काढतात आणि सेटमधून लवकर सावरतात. इजेबाबत निराळं वेळापत्रक करण्याइतका फरक नाही. वजन त्यांच्या स्वतःच्या ताकदीवर ठरवा. गोळा ४ किलोचा आहे म्हणून ताकदीचं काम कमी करू नका, मुलींच्या बॅचेसमध्ये हे सर्रास होतं.

नेरुळ_डॉक्टर:

चौथा प्रश्न माझ्याकडे येतो, आणि तो या धाग्यात पहिला असायला हवा होता.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही गोळी, अंगातलं पाणी कमी आणि मोठी स्नायूइजा, हे तिन्ही एकत्र आले तर मूत्रपिंडाला धोका असतो. तुटलेल्या स्नायूतून मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात येतं आणि मूत्रपिंडात अडकतं, आणि ही गोळी त्याच वेळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करते. दुखणं दाबून त्याच पायाने पुन्हा उड्या मारल्या जातात ते वेगळंच. व्यायामाआधी पेनकिलर हा प्रकार बॅचमध्ये बंद करा.

साधं अंग आंबणं आणि गंभीर प्रकार यांत फरक करता यायला हवा. लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची होणं, लघवी फार कमी होणं, हात किंवा मांडी टणक सुजणं, हात सरळ करता न येणं, दुखण्याच्या मानाने भलतीच अशक्तता, उलट्या. यातलं लघवीचं लक्षण एकटं दिसलं तरी त्याच दिवशी रुग्णालयात न्या, सकाळची वाट पाहू नका. इतर लक्षणं दोन-तीन एकत्र दिसली तरी तेच. तिथे आवर्जून सांगा की दोन दिवसांपूर्वी नवीन व्यायाम झालाय. लघवीच्या पट्टीवर रक्त दिसतं पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी नसतात, तेव्हा संशय मायोग्लोबिनचा असतो.

सीके (स्नायूतून रक्तात येणारं विकर) या तपासणीबद्दल. बहुतेक लॅबमध्ये वरची मर्यादा २०० च्या आसपास असते. सवय नसलेल्या निगेटिव्हनंतर ती काही हजारांत जाऊ शकते, आणि दंडाच्या व्यायामानंतर टोक तीन-चार दिवसांनी येतं, म्हणजे दुखणं ओसरत आलेलं असताना. निव्वळ आकडा मोठा म्हणून मूत्रपिंड बिघडलं असं नाही. लक्षणं, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि लघवी एकत्र बघायची. सीकेवरून सरावाचं वेळापत्रक ठरवू नका. सारख्याच व्यायामाने दोन मुलांचे आकडे दहापटीने वेगळे येतात.

निवड झाल्यावर वैद्यकीय तपासणी असते म्हणून एक सूचना. जड व्यायामानंतर यकृताच्या तपासणीतले एसजीओटी आणि एसजीपीटी वाढलेले दिसतात, कारण ही विकरं स्नायूतही असतात. यकृताचा आजार समजून घरचे घाबरतात. तपासणीच्या आधी किमान आठवडाभर जड आणि नवीन व्यायाम नको. तरी वाढलेले आले तर डॉक्टर जीजीटी (यकृताची आणखी एक तपासणी) आणि सीके बघून खुलासा करू शकतात.

कोणाला धोका जास्त? नुकताच ताप येऊन गेलेला मुलगा. ठाण्यात पावसाळ्यात डेंग्यू आणि इतर विषाणूताप चालूच असतात. ताप उतरल्यावर आठवडाभर फक्त चालणं, मग निम्म्या मात्रेने सुरुवात. सुट्टीनंतर परत आलेला आणि मागे पडलोय म्हणून ईर्ष्येने करणारा. आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक. शहापूर-मुरबाड भागातून येणाऱ्या आदिवासी मुलांना शासनाच्या तपासणीत हे बहुधा कळलेलं असतं, एकांतात विचारा. वाहक असणं म्हणजे आजार नव्हे, कोणाला बॅचमधून काढायचं कारण तर नाहीच. पण उष्म्यात, न थांबता, ईर्ष्येने केलेल्या फेऱ्यांमध्ये त्यांना धोका जास्त असतो. त्यांना हळूहळू वाढवा, आणि पाय अचानक गळून गेल्यासारखे वाटले की “नाटक करू नको” म्हणायचं नाही, थांबवायचं.

खाडीकाठच्या दमट हवेत घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही. मे आणि ऑक्टोबरमध्ये सरावाआधी आणि नंतर वजन करा. जितके किलो कमी तितके लिटर पाणी गेलं. ६० किलोच्या मुलाचं सव्वा किलोहून जास्त घटलं तर पुढच्या दिवशी मात्रा कमी आणि मध्ये पाणी जास्त. नुसतं पाणी ढोसायचं नाही, ओआरएसचं पाकीट एक लिटरमध्ये, अर्ध्या ग्लासात नव्हे.

घोडबंदर_बारबेल:

डॉक्टरांच्या हात सरळ न होण्यावरून आठवलं. पुलअप जमत नाही म्हणून मुलांना वर चढवून सावकाश खाली यायला लावतात, दहा-दहाचे पाच सेट. नवीन मुलासाठी याहून वाईट काही नाही. दंड, पूर्ण निगेटिव्ह, पूर्ण शरीराचं वजन. पहिल्या दिवशी ३ रेपचे २ सेट, खाली यायला ३ सेकंद, बस. आणि तेही आठवड्यातून एकदा.

बर्फ आणि मसाजबद्दल कोणी तरी विचारणारच, म्हणून थोडक्यात. थंड पाण्यात बसल्याने दुखणं कमी होतं, पण दर जिमनंतर बसलात तर स्नायू वाढणं मंदावतं. मैदानी दोन दिवसांत विभागली गेली तर मधल्या संध्याकाळी वापरा. मसाज, फोम रोलर यांनी थोडा आराम. स्ट्रेचिंगने दुसऱ्या दिवशीचं दुखणं जवळजवळ काहीच कमी होत नाही. प्रथिनं वजनाच्या किलोला १.६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ६० किलोला ९५. एका अंड्यात ६, कोरड्या सोयाबीन वड्या ५० ग्रॅम घेतल्या तर २५. डबा आधी सुधारा, पावडरचा डबा नंतर. झोप आठ तास. पहाटे पाचला मैदानावर यायचं आणि रात्री बारापर्यंत मोबाइल, यावर कुठलंही वेळापत्रक चालत नाही.

कळवा_ग्राउंड:

नवीन मुलांचा पहिला पंधरवडा असा लावतोय, डोळ्याखालून घाला. पहिला आठवडा: सोमवारी १० च्या ३ सेट बैठका, भिंतीची बैठक ३० सेकंद ३ वेळा. मंगळवारी हलकं धावणं. गुरुवारी बैठका पुन्हा तेवढ्याच, रिकामा बार घेऊन स्क्वॉट ८ चे २ सेट, वॉकिंग लंजेस २० पावलांचे ३ सेट. शनिवारी येऊर वर, खाली चालत. दुसरा आठवडा: बैठका १५ चे ३, नॉर्डिक ३ चे २, बॉक्स जंप २०, उताराचे २०० मीटर.

वाशी_फिजिओ:

बरंचसं ठीक. वॉकिंग लंजेस पहिल्या आठवड्यातून काढा. मांडी आणि नितंब दोन्ही पूर्ण लांब कोनात, शरीर अडवत खाली. नवशिक्यांना सर्वांत जास्त बसवणारा व्यायाम तोच, आणि त्याचं दुखणं तुमच्या शनिवारच्या चढावर येणार. तिसऱ्या आठवड्यात जागेवरचे लंजेस, पायाला ६ चे २, अर्ध्या खोलीपर्यंत.

दुसऱ्या आठवड्यात तुम्ही चार गोष्टी एकदम वाढवताय. नॉर्डिक आणि बॉक्स जंप ठेवा, उताराचे २०० मीटर तिसऱ्या आठवड्यात न्या.

घोडबंदर_बारबेल:

आणि नॉर्डिक सोमवारीच. गुरुवारी स्प्रिंट आहेत.